साहेबांचा चष्मा

आजोबांच्या नावावरच्या शेतजमिनीला वारसा लावून घेण्याकरिता परवा मी कर्नाटक सीमाभागातल्या आमच्या तालुक्याच्या एका कचेरीत गेलो. टेबलावर उघडी फाईल, फाईलवर चष्मा, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल आणि डोक्यावर फिरणारा पंखा अशी सर्व सामग्री जागेवर होती. साहेब तेवढे नव्हते.

"आहेत की ओ," बाकावरचे पांढऱ्या टोपीतले एक वयस्क गृहस्थ म्हणाले. "चष्मा दिसत नाही काय?"

चष्मा दिसत होता, परंतु त्यामागे डोळे दिसत नव्हते, हे मी विनयपूर्वक निदर्शनास आणले. चष्म्यावाचून साहेबांना समोरचा माणूसही ओळखू येत नाही, तेव्हा ते लांब जाणे शक्यच नाही, असे त्यांनी मला पटवून दिले. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. शिपाई येईल म्हणून मी दाराकडे पाहत होतो, तोच हे गृहस्थ धोतराचा सोगा सावरत उठले आणि फोन उचलून कोणाला तरी म्हणाले, "आत्ताच फाईल घेऊन वर गेलेत बघा. तुम्ही जेवून या." कचेरी एकमजली असून वर केवळ कौले आहेत.

"काका, आपण इथे नोकरीला आहात काय?" मी विचारले.

"नाही ओ. माझं काम मागच्या वर्षीच झालंय की. पण साहेब एकटे पडतात."

नसलेला माणूस एकटा कसा पडतो, हे विचारण्याची माझी इच्छा चेहऱ्यावर उमटली असावी, कारण त्यांचा स्वर एकदम कडक झाला. "1956 पासून आपण सगळे थांबलोय, 2004 पासून सुप्रीम कोर्टात केस पडून आहे, आणि तुम्हाला एक दुपार थांबवत नाही? गडबड कशाला करता ओ?" सीमाप्रश्नाला कामचुकारांच्या बाजूने साक्षीला उभे राहताना मी प्रथमच पाहिले.

नोकरीच्या ठिकाणच्या गैरवर्तनाची वर्गवारी सँड्रा रॉबिन्सन आणि रिबेका बेनेट या दोन संशोधिकांनी 1995 साली केली. चोरी किंवा शिवीगाळ त्यांनी गंभीर प्रकारांत घातली. लवकर निघून जाणे, मधली सुट्टी लांबवणे आणि मुद्दाम सावकाश काम करणे हे मात्र किरकोळ ठरले. नुकसान संस्थेचे की सहकाऱ्यांचे, हा त्यांच्यापुढचा दुसरा प्रश्न होता. बाकावर बसलेल्याला त्या तक्त्यात रकानाच नाही.

सहकाऱ्यांचे नुकसान म्हणाल, तर ते शेजारच्याच टेबलावर बसले होते. तिथल्या बाई मान खाली घालून स्वतःचे आणि साहेबांचे, अशी दोघांची कामे उरकत होत्या आणि रांगेतल्या प्रत्येकाची बोलणीही त्याच खात होत्या, कारण ओरडायला समोर कोणीतरी असावे लागते. चष्म्यावर कोण ओरडणार? डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे अधिवेशन भरले की 'सेशन ड्युटी' हे गैरहजेरीचे आणखी एक कारण तयार होते, आणि ती ड्युटी काहींच्या बाबतीत फेब्रुवारीपर्यंत चालते. सरकारी कामे ठरल्या मुदतीत करून देण्याच्या कर्नाटकाच्या 2011 च्या 'सकाल' कायद्याप्रमाणे विलंबापोटी अर्जदाराला दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये मिळू शकतात. एवढ्या पैशांसाठी साहेबांशी वैर घेण्याइतका शूर अर्जदार मला त्या रांगेत तरी दिसला नाही.

पावणेपाचला साहेब आले, तेव्हा त्यांच्या नाकावर दुसरा चष्मा होता. टोपीवाल्या काकांनी आलेल्या फोनांचा तपशील त्यांना सादर केला आणि माझ्याकडे बोट करून "हे जरा गडबडीतले आहेत" अशी पुरवणी जोडली. साहेबांनी माझ्याकडे न पाहताच "नाळे बर्री", म्हणजे उद्या या, म्हणून फाईल मिटली. दार ठोठावणाऱ्या भुताला परतवण्यासाठी कर्नाटकातल्या कित्येक गावांत एकेकाळी दारावर 'नाळे बा' असे लिहीत, आणि आपल्याला उद्या बोलावले आहे असे समजून ते भूत रोज निमूट परत जाई, असे सांगतात. त्या भुताला निदान वारसा लावून घ्यायचा नव्हता.