सार्जंटला भाट म्हणणाऱ्यांना

आज एका व्याख्यानात अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटची ‘श्रीमंतांचा भाट’ एवढ्यावर बोळवण झाली, श्रोते हसले, आणि तेव्हापासून माझा संताप शमलेला नाही.

काही वर्षांपूर्वी मी आईला बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात नेले होते. तिथे सार्जंटने १८८२ मध्ये पॅरिसमध्ये रंगवलेले बॉइट कुटुंबातील चार मुलींचे चित्र आहे, आणि चित्रातल्या पुरुषभर उंचीच्या दोन जपानी फुलदाण्याही त्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्यक्ष उभ्या आहेत. आईने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. फुलदाणीला टेकून, तोंड फिरवून अंधारात उभ्या असलेल्या थोरल्या मुलीकडे बघत तिने विचारले, “हिची या घरात कुणी विचारपूस करत नाही का गं?”

घरच्या थोरल्या लेकीचा चेहरा सावलीत बुडवून टाकणारा हा कुठला भाट? खुशामतच करायची असती, तर चौघींना रेशमी झालरी घालून ओळीने बसवणे त्याच्या हाताला मुळीच जड नव्हते.

त्याने धनिकांकडून भरपूर पैसे घेतले आणि काही चित्रांत चेहऱ्यापेक्षा साटीनच अधिक जिवंत आहे, हे मान्य. पण १८८४ च्या पॅरिस सालोन या मोठ्या चित्रप्रदर्शनात, तिथल्या उच्चभ्रू वर्तुळातल्या मादाम गोत्रोच्या खांद्यावरून घसरलेला झग्याचा पट्टा रंगवल्याबद्दल याच उच्चभ्रू समाजाने त्याची छी-थू केली, तिच्या आईने चित्र काढून घेण्याची विनवणी केली, तरी प्रदर्शन संपेपर्यंत त्याने ते हलवले नाही. पट्टा पुढे त्याने वर सरकवला खरा. चित्र मात्र तीसेक वर्षे स्वतःजवळ ठेवले.

आईचा तो प्रश्न आठवला की माझा राग थोडा निवळतो, कारण सार्जंटचे नावही ठाऊक नसलेल्या बाईला जे दिसले, ते त्याने रंगवून ठेवले होते म्हणूनच दिसले.

आणि १९०७ च्या सुमारास, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्याने व्यक्तिचित्रांची कामे घेणे जवळपास बंद केले. मागणी थांबेना, तेव्हा कोळशाने झटपट चेहरे काढून देऊ लागला. १९१८ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, तो युद्धआघाडीवर गेला आणि विषारी वायूने दृष्टी गेलेले, डोळ्यांवर पट्ट्या बांधून एकमेकांच्या खांद्याला धरून चालणारे सैनिक त्याने सहा मीटरहून लांब कॅनव्हासवर उतरवले. आजच्या व्याख्यानात त्या चित्राचा उल्लेखसुद्धा झाला नाही.