आजोबा निवडताना घ्यावयाची काळजी

ब्रिटिश नागरिकत्व मिळवणं अवघड आहे असं जे म्हणतात, त्यांनी पूर्वतयारीत हयगय केलेली असते. इंग्रजीची परीक्षा, नोकरी, बँकेत दाखवायचे पैसे ही सगळी मागाहूनची धावपळ. शहाण्या माणसानं जन्माला येण्याआधी साधारण साठ वर्षं कामाला लागावं आणि एक चांगला आजोबा गाठावा. (आजीही चालते. कायदा आता बराच सुधारलाय.)

चांगला म्हणजे कोणता, इथंच आपली माणसं फसतात. "आमचे आजोबा ब्रिटिश राज्यात जन्मले, म्हणजे ब्रिटिशच की!" मुद्दा बिनतोड आहे. शेतसारा भरायला, मिठावर कर द्यायला आणि परमुलखात जाऊन लढायला ते पुरेसे ब्रिटिश होतेच. माणगावकडचे यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, सोबतचे सगळे पडल्यावर एकटे मशिनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ठाणं घेतलं आणि तिथंच पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे जन्मदाखला नव्हे. आजोबा ब्रिटिशांच्या राज्यात जन्मून भागत नाही, ब्रिटिशांच्या बेटावर जन्मावा लागतो.

तेव्हा सासवड, संगमनेर, सावंतवाडी ही ठिकाणं आधीच बाद करा. छावणीतला जन्मही फारसा उपयोगाचा नाही. स्पाइक मिलिगन हा ब्रिटनला पोट धरून हसवणारा विनोदवीर 1918 साली तेव्हाच्या अहमदनगरात जन्मला. बाप आयरिश, नोकरी ब्रिटिश फौजेत; आई इंग्लिश; पोराचं बालपण पुण्यात. हा स्वतः महायुद्धात ब्रिटिश तोफखान्यात होता, जखमी झाला. पुढं पासपोर्ट मागायला गेला तर म्हणाले, आधी राजनिष्ठेची शपथ घ्या. घेत नाही म्हणाला, आणि बापाच्या पुण्याईवर आयरिश झाला. जन्मगाव चुकलं की असं होतं. आईबाप दोघं गोरे असूनही.

आजोबांना कायद्यात मानाचं पान मिळालं ते 1968 साली. केनियातली आपल्याकडची मंडळी, त्यात गुजराती, पंजाबी, गोंयकार असे सगळेच, ब्रिटिश पासपोर्ट खिशात घेऊन लंडनच्या विमानात बसू लागली. पासपोर्ट खरे, सही-शिक्का खरा. मग पार्लमेंटनं तीन दिवसांत कायदा केला: नुसता पासपोर्ट नको, तुम्ही स्वतः, आईबाप किंवा आजी-आजोबांपैकी कोणी तिथं जन्मलेलं किंवा तिथलं नागरिकत्व घेतलेलं दाखवा. इतक्या झटपट तर आपल्याकडे रेशन कार्डावर नावही चढत नाही. त्यात रंगाचा उल्लेख कुठंही नव्हता, हे आवर्जून लक्षात घ्या. उल्लेख फक्त आजोबांचा होता.

आता समजा, तुमची आई लेस्टरमध्ये जन्मलेली आहे आणि लग्न होऊन पुण्यात आली. अभिनंदन. पण तुम्ही कधी जन्मलात? थोरला भाऊ 31 डिसेंबर 1982 च्या रात्री झाला असेल तर त्याला आईकडून काही मिळालं नाही, कारण तोवर परदेशी जन्मलेल्या पोराला नागरिकत्व बापच देई. चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच इस्पितळात, तशाच लेस्टरच्या आईच्या पोटी जन्मला असेल तर तो जन्मतःच ब्रिटिश. 1 जानेवारी 1983 ला नवा कायदा लागू झाला ना! थोरल्याला आता अर्ज करून ती चूक दुरुस्त करून घेता येते. चुलतभावानं मात्र फार हुरळून जाऊ नये: त्याची पोरं पुण्यातच झाली तर त्यांना हा वारसा आपोआप मिळत नाही. एक पिढी, खेळ खलास.

बापाकडून यायचं असेल तर आणखी एक बारकावा आहे. तुमचा जन्म 1 जुलै 2006 च्या आधीचा असेल, तर आईबापाचं रीतसर लग्न झालेलं बरं. नसेल तर वेगळा अर्ज. आपल्याकडे हे सगळं स्थळ बघायला आलेल्या मावश्या विचारतात, तिथं गृहखातं विचारतं.

आणि ज्या आजोबांसाठी एवढा आटापिटा, त्यांच्याकडून सहसा थेट नागरिकत्व मिळतच नाही. मिळतो व्हिसा. तुम्ही राष्ट्रकुलातले, वय सतरा पूर्ण, काम करायची तयारी. मग पाच वर्षं तिथं राबा, 24 प्रश्नांची परीक्षा द्या, कायम वास्तव्य मागा, आणखी वर्षभर थांबा आणि शेवटी राजे चार्ल्स व त्यांच्या वारसांशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्या. आरोग्य अधिभार वर्षाला 1,035 पौंड, पाचही वर्षांचा एकरकमी, आधीच. इकडे भारताचा पासपोर्ट जमा करायचा आणि पुढं शेतजमीन विकत घ्यायची नाही. वारशानं आली तर चालेल; म्हणजे तिकडंही आजोबा, इकडंही आजोबाच.

मी हे सगळं करून बसलोय म्हणून सांगतो. फाइल घेऊन एका सल्लागाराकडे गेलो. त्यानं आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला उचलला. "जन्म 1 जून. खरा?" म्हटलं, त्या वर्गात सगळेच 1 जूनला जन्मले होते, मास्तरांना तेवढी एकच तारीख पाठ होती. मग आजी काढली. माहेरची द्वारका, सासरची इंदिरा. तो म्हणाला, "या दोन बायका आहेत." म्हटलं, सासूबाईंचंही तेच मत होतं.

उठता उठता त्यानं नियमातलं एक कलम वाचून दाखवलं. आजी किंवा आजोबा ब्रिटनमध्ये नोंदलेल्या जहाजावर जन्मले असतील तरी चालतं.

मी तसाच घरी आलो आणि आत्याला फोन लावला. कारण आजीच्या जन्माची कथा घरात सगळ्यांना पाठ आहे. पणजी दिवस भरत आले तेव्हा मुंबईहून आगबोटीनं माहेरी निघाली होती. श्रीवर्धन सोडल्यावर पोटात दुखायला लागलं. डेकवर बायकांनी लुगड्यांचा आडोसा केला, कुणी तरी कंदील धरला, खलाशानं गरम पाणी आणून ठेवलं. बोट मुंबईत नोंदलेली होती की ग्लासगोत, हे शोधायला मी दप्तरखान्यात महिनाभर बसायला तयार होतो.

"मग, झाली ना आजी बोटीवर?" मी विचारलं.

"छे रे," आत्या म्हणाली, "म्हातारी खमकी. दाभोळ येईपर्यंत कळ काढली तिनं. पडावात उतरवली, धक्क्याला लावली, आणि मग झाली."