खुलासा : शिबिरातली गर्दी म्हणजे परिणाम नव्हे

‘सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चातल्या) प्रत्येक आरोग्य शिबिराचं परिणाम-मूल्यमापन सक्तीचं आहे’ हा फिरणारा दावा चुकीचा आहे. २०२१च्या नियमांनुसार आधीच्या ३ वर्षांत सरासरी १० कोटी रुपये किंवा जास्त सीएसआर खर्चाचं बंधन असलेल्या कंपनीलाच ते लागू होतं. तेही १ कोटी किंवा अधिक खर्चाच्या, पूर्ण होऊन किमान वर्ष उलटलेल्या प्रकल्पांना.

‘इतके रुग्ण तपासले’ हा तर नुसता कामाचा हिशेब. रक्तदाब १४०/९०च्या खाली किती जणांचा आला आणि टिकला, ते मोजा. कोकणात खरी गोची मासेमारीबंदीची : जून-जुलैत खलाशी घरी, ऑक्टोबरात समुद्रात. शिबिराआधीची पाहणी बंदीत नि नंतरची हंगामात केली, तर तुलना वेगळ्याच माणसांची होते. दोन्ही पाहण्या वेगवेगळ्या वर्षी, पण त्याच महिन्यात घ्या, त्याच कुटुंबांत.