समुद्राच्या जागी बदली

घरात समुद्र पाळायचा म्हटले, की खरा समुद्र जी कामे फुकट आणि विनातक्रार करतो ती सगळी आपल्या अंगावर येतात, हे टाकी विकणारा कधीही सांगत नाही. लाटा, थंडावा, ऊन आणि सफाई या चारही खात्यांवर, कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरील, मासे आणि प्रवाळ पाळलेल्या 200 लिटरच्या काचेच्या टाकीपुरती, सध्या माझी बदली कामगार म्हणून नेमणूक झालेली आहे. माझे माहेर मालवणचे. समुद्राची एवढी आठवण येत होती तर सुनेने शोकेसमध्ये एखादा शंख ठेवायचा होता, असे सासूबाईंचे मत आहे, आणि वीजबिल आले की ते मलाही पटते.

मिठावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी आमटीवरूनही कधी झालेली नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्या हिशेबाने टाकी पहिल्यांदा भरताना सुमारे 7 किलो मीठ लागले, आणि तेही स्वयंपाकघरातले चालत नाही, कारण प्रवाळांना त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर पुष्कळ काही मोजून-मापून हवे असते. शिवाय उन्हाळ्यात टाकीतले पाणी रोज लिटर-दोन लिटर उडून जाते. त्याची भरपाई करताना मला पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, मीठ घालायचं विसरलीस." पाणी उडते पण मीठ मागेच राहते, म्हणून भर घालायची ती साध्या पाण्याचीच, हे मी त्यांना नीट समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. तरी माझी पाठ वळताच चिमूटभर मीठ आत पडत असावे, हा माझा संशय अजून फिटलेला नाही. दुसऱ्या दिवशी त्या प्रेमाने तांब्याच्या कळशीतले पाणी घेऊन आल्या तेव्हा मात्र मी जवळजवळ आडवी पडले. तांबे माणसाला कितीही मानवत असले तरी कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना ते विषच. "आम्ही जन्मभर हेच पाणी प्यायलो," एवढे बोलून त्यांनी कळशी परत नेली आणि पुढचे दोन दिवस घरातला कारभार हो-नाहीवर चालला.

पाहुण्यांची तऱ्हा वेगळीच. टाकीत जिवाणूंचे बस्तान बसून विषारी अमोनिया नाहीसा होईपर्यंत कित्येक आठवडे आत फक्त दगड होते, आणि येणारा प्रत्येकजण त्या दगडांकडे पाहून सांत्वनाच्या सुरात मासे कधी गेले ते विचारत असे. शेजारच्या काकांनी तर प्रवाळ म्हणजे पोवळे अशा समजुतीने मंगळाच्या अंगठीपुरता एक तुकडा मागून ठेवला आहे. "तुझ्या माहेरच्या समुद्रातून फुकट का आणत नाहीस?" हाही त्यांचाच प्रश्न. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत हे खरे, पण खडक बांधणाऱ्या प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंक्तीला बसवलेले आहे; ते उचलून आणले तर त्यांच्यासाठी टाकी आणि माझ्यासाठी कोठडी, अशी दोन ठिकाणी सोय करावी लागेल. म्हणून आमच्याकडे फक्त मऊ जातीचे प्रवाळ आहेत.

त्यांतले 'लेदर कोरल' हे प्रकरण विशेष मानी आहे. एरवी त्याच्या छत्रीवर शेकडो बारीक बोटे लाटेबरोबर डुलत असतात. पण एखाद्या सकाळी ती सगळी आत ओढून ते गुळगुळीत, मेणचट चेहऱ्याने कोपभवनात जाते. आम्ही क्षारता मोजतो, दिव्याची उंची बदलतो, एकमेकांवर आरोप करतो. मग एक दिवस त्याच्या अंगावरून पारदर्शक पापुद्रा सुटून पंपाच्या झोतात फडफडू लागतो आणि खाली बोटे पुन्हा टवटवीत! ते नुसती कात टाकत होते. शेजारच्या दगडावरची झोअँथिड ही प्रवाळांची भावंडे दिसायला रांगोळीच्या रंगांची, पण त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचे भयंकर विष असते. "वहिनी, दगडावर शेवाळ धरलंय, उकळत्या पाण्यात घालून घासून देऊ का?" असे मावशींनी सहज विचारले, तेव्हा माझ्या हातून चहाचा कप निसटला. असे दगड उकळून त्या वाफेने अख्खी कुटुंबे इस्पितळात गेलेली आहेत. मावशी आता टाकीच्या बाजूची फरशीसुद्धा दुरूनच पुसतात.

मे महिन्याबद्दल काय सांगावे! पाणी बराच काळ जास्त तापले तर प्रवाळ आपल्या शरीरात राहून आपल्याला पोसणाऱ्या सूक्ष्म शैवालालाच बाहेर काढतो आणि पांढरा पडून उपाशी मरतो. म्हणून टाकीला चिलर आहे. तो पाण्यातली उष्णता काढतो आणि इमानेइतबारे आमच्या हॉलमध्ये सोडतो, त्यामुळे पुण्याचा पारा चाळिशीला टेकला असता मासे 26 अंशांत आणि आम्ही बनियनवर, अशी व्यवस्था आहे. वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखा, टीव्ही आणि लाटा यांपैकी दोनच गोष्टी चालतात. लाटा बंद पडल्या तर पाण्यातला प्राणवायू कमी होतो, तेव्हा त्यांची निवड दरवेळी बिनविरोध होते. उरलेल्या एका जागेसाठी सासूबाई आणि क्रिकेट यांच्यात लढत असते.

गेल्या मेमध्ये नवऱ्याच्या हाती सूचनांची वही सोपवून मी मालवणला गेले. संध्याकाळी किनाऱ्यावर, केवळ खात्री असावी म्हणून, पर्समधून क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला, काचेवर समुद्राचा एक थेंब सोडला आणि उजेडाकडे धरून पाहिले. निळ्या पट्ट्याची कड बरोबर 35 च्या रेघेवर होती. बाबा मागे उभे राहून बराच वेळ हे पाहत होते.

"मीठ बरोबर आसा मा?" त्यांनी विचारले. "मगे आता जेवूक चल गो."