तीन पर्वण्यांच्या भरवशावर हॉटेल बांधू नका

नाशिकमध्ये गेल्या काही महिन्यांपासून एक मजकूर मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. जमिनीचे व्यवहार करणारे तो पाठवतात, नातेवाईक पाठवतात आणि निवृत्तीची रक्कम नुकतीच हाती आलेली माणसे तो गंभीरपणे वाचतात, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते. मजकुराचा आशय असा : सिंहस्थाला, म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या कुंभमेळ्याला, कोट्यवधी भाविक येणार आहेत आणि नाशिकमध्ये त्यांच्यासाठी खोल्याच नाहीत, प्रयागराजच्या कुंभमेळ्यात काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे, मोठ्या हॉटेल कंपन्या उगाच येत नाहीत, समृद्धी महामार्ग आणि वाइन पर्यटन यांमुळे सिंहस्थानंतरही खोल्या भरलेल्याच राहतील, तेव्हा प्लॉटवर हॉटेल बांधा, ते जमत नसेल तर फ्लॅटचे लॉजिंग करा, एका सिंहस्थात भांडवल वसूल होईल.

भाविकांच्या संख्येवरून खोल्यांची गरज काढणे ही यातली मूळ चूक आहे. पर्वणीला, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी, येणारा बहुसंख्य भाविक रात्री एसटीने किंवा रेल्वेने निघतो, पहाटे नाशिकच्या रामकुंडावर नाहीतर त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर स्नान करतो, काळारामाचे किंवा त्र्यंबकराजाचे दर्शन घेतो आणि संध्याकाळच्या आत परतीला लागतो. जो थांबतो तो आखाड्यांच्या मंडपात, तपोवनातल्या साधुग्रामात, आपल्या समाजाच्या धर्मशाळेत, पिढीजात उपाध्यायांच्या घरी किंवा पंचवटीतल्या नातेवाइकांकडे थांबतो. खोली भाड्याने घेणारा वर्ग या गर्दीत असतो, पण तो लहान असतो. हॉटेलच्या व्यवसायात माणसे मोजत नाहीत, विकल्या गेलेल्या रात्री मोजतात. आणि लाखो माणसे गोदावरीवर उभी असतानाही विकल्या गेलेल्या रात्री बेताच्याच असू शकतात.

‘ध्वजारोहणापासून समाप्तीपर्यंत सिंहस्थ जवळजवळ २१ महिने चालणार’ असेही त्या मजकुरात ठळक अक्षरांत लिहिलेले असते. जाहीर झालेल्या कार्यक्रमानुसार ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि ध्वजावतरण २४ जुलै २०२८ रोजी आहे, हे खरेच. मात्र नाशिकची तीन अमृतस्नाने, म्हणजेच पर्वण्या, २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ या दिवशी आहेत, म्हणजे मोठ्या गर्दीचा सारा काळ ४१ दिवसांत आटोपतो, आणि तोही ऐन पावसाळ्यात. आता वसुलीचा हिशेब करून पाहू. पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत; वाचकांनी आपापले आकडे घालून तो पुन्हा करावा. जमिनीच्या किमतीसह एका खोलीमागे २० लाख रुपये खर्च आला आणि तो दहा टक्के व्याजाच्या कर्जातून केला, तर त्या खोलीचे व्याजच वर्षाला २ लाख रुपये होते. पर्वण्यांच्या आगेमागे मिळून बारा रात्री ती खोली १० हजार रुपये दराने गेली, असे उदारपणे धरले तरी हाती १ लाख २० हजार येतात. एका वर्षाचे व्याजही त्यातून सुटत नाही, मग भांडवलाची गोष्टच दूर. शिवाय खोलीचे भाडे साडेसात हजारांच्या वर गेले की जीएसटी अठरा टक्के लागतो. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो पाच टक्के झाला आहे, हे पाहुण्याच्या दृष्टीने चांगले झाले. पण त्याबरोबर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट गेली, त्यामुळे धुलाईपासून वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीपर्यंतच्या खर्चावरचा कर मालकाच्या अंगावर पडतो.

हीच खोली एरवी २ हजार रुपयांनी वर्षातल्या निम्म्या रात्री गेली, तर सुमारे ३ लाख ६५ हजार रुपये येतात. पगार, वीज, पाणी आणि घरपट्टी वजा जाता व्याज फिटेल की नाही, ते या आकड्यावरून ठरते. हॉटेलचे भवितव्य २०२७च्या पर्वणीपेक्षा २०३०च्या फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी किती खोल्यांत दिवे लागलेले असतील, यावर जास्त अवलंबून आहे.

मागच्या दोन सिंहस्थांची आठवण येथे करून देणे भाग आहे. २००३च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला सरदार चौकाजवळ झालेल्या चेंगराचेंगरीत अनेकांचे जीव गेले. त्या दुःखद अनुभवानंतर २०१५ मध्ये बंदोबस्त इतका कडक झाला, की २९ ऑगस्टच्या पहिल्या शाही स्नानाला अपेक्षेपेक्षा बरीच कमी गर्दी झाली आणि १३ सप्टेंबरच्या दुसऱ्या स्नानाआधी काही निर्बंध सैल करावे लागले. माणसांच्या जिवाचा प्रश्न असल्यामुळे असा बंदोबस्त हवाच, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण पर्वणीच्या दिवसांत खासगी वाहने शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवली जातात आणि तेथून बस आणि पायपीट एवढेच मार्ग उरतात. ज्याने महागडी खोली राखून ठेवली आहे, तो पाहुणा सामानासह हॉटेलच्या दारापर्यंत पोहोचणार कसा, याचा विचार त्या मजकुराच्या लेखकाने केलेला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट नाशिकबाहेरच्या गुंतवणूकदाराच्या लक्षात येत नाही. गुरू सिंह राशीत असताना गोदावरीच्या उत्तरेकडे लग्नकार्य टाळण्याची रूढी काही घराण्यांत आजही आहे. सगळेच ती पाळत नाहीत, पंचांगांत मुहूर्तही दिलेले असतात. तरी ज्या हॉटेलाचा मोठा हिस्सा लग्नसमारंभांवर चालतो, त्याने सिंहस्थाचे वर्ष पूर्ण जमेचे धरू नये.

प्रयागराजचा दाखला नाशिकला लागू पडत नाही. तेथे १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी २०२५ असा ४५ दिवसांचा मेळा कोरड्या हिवाळ्यात गंगा-यमुनेच्या विस्तीर्ण वाळवंटात भरला आणि राहण्याची मुख्य सोय तंबूंच्या तात्पुरत्या नगरात झाली. महिनाभर मुक्काम करणारे कल्पवासीही तेथेच होते. आपली गोदावरी जुन्या वस्तीतून वाहते, रामकुंड दाट बाजारपेठेला लागून आहे, आणि २०११च्या जनगणनेत जेमतेम बारा हजार वस्ती असलेल्या त्र्यंबकला तर डोंगरांनी वेढले आहे. प्रयागराजच्या अनुभवातून काही घ्यायचेच, तर मेळ्यासाठी तात्पुरती सोय उभारावी आणि मेळा संपताच काढून घ्यावी, एवढे घेता येईल. पक्क्या बांधकामाचे समर्थन त्यातून होत नाही.

मोठ्या कंपन्यांच्या आगमनाचा मुद्दा अनेकांना निर्णायक वाटतो. मुंबई-आग्रा महामार्गालगत गेल्या काही वर्षांत देशी-विदेशी नाममुद्रांची हॉटेले उभी राहिली, हे उघड दिसते. परंतु अशा बहुतेक हॉटेलांत जमीन, इमारत आणि कर्ज स्थानिक मालकाचे असते. कंपनी आपले नाव, आरक्षणाची यंत्रणा आणि व्यवस्थापन पुरवते आणि त्याबद्दल उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा घेते. खोल्या रिकाम्या राहिल्या तर कंपनीचे शुल्क कमी होते, बँकेचा हप्ता मात्र मालकालाच भरावा लागतो. शिवाय अंबड-सातपूरच्या कारखान्यांत आणि ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात कामानिमित्त येणारे लोक ही त्या हॉटेलांची सोमवार ते गुरुवारची भिस्त आहे, आणि तो पाहुणा पंचवटीतल्या किंवा त्र्यंबक रस्त्यावरच्या नव्या लॉजमध्ये उतरणार नाही.

समृद्धी महामार्गाविषयी दोन्ही बाजू पाहायला हव्यात. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. पण तो सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून जातो, नाशिक शहरातून जात नाही. नागपूरहून मुंबईला जाणारा जो प्रवासी पूर्वी नाशकात जेवायला किंवा मुक्कामाला थांबत असे, तो आता शहराला वळसा घालून पुढे निघून जातो. मुंबई-शिर्डी वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून नाशिकरोडला थांबते आणि सकाळी येऊन संध्याकाळी परतण्याची सोय करते. प्रवास जलद झाला की येणारे वाढतात आणि मुक्काम कमी होतात. देवस्थानांच्या गावांत हे वारंवार दिसते. वाइन पर्यटनाने गंगापूर धरणाच्या परिसरात खरी नवी मागणी निर्माण केली, आणि सुला वाइनयार्ड्सने तेथे निवासाची सोय सुरू केल्यानंतर आजूबाजूला रिसॉर्टांची रांग लागली. ही मागणी मात्र शनिवार-रविवारची, द्राक्षहंगामाची आणि पावसाळी सहलींची आहे. शनिवारी खोली मिळत नाही, यावरून खोल्या कमी आहेत असे ठरवणाऱ्याने त्याच रिसॉर्टमध्ये बुधवारी जाऊन पाहावे.

फ्लॅटचे लॉजिंग करण्याचा सल्ला तर धोक्याचाच आहे. निवासी इमारतीच्या वापरात बदल करण्याची परवानगी, महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे सुरक्षेची पूर्तता, सोसायटीची संमती, पाहुण्यांची नोंदवही आणि परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे माहिती, हे सारे डावलून एका जिन्याच्या इमारतीत रात्री पन्नास माणसे झोपवणे मला अक्षम्य वाटते. राहत्या घरातल्या एकदोन खोल्या द्यायच्या असतील, तर पर्यटन विभागाची निवास व न्याहारी योजना आहे. तिच्यात रीतसर नोंदणी करता येते.

खोल्या कमी आहेत हे म्हणणे एका जागी मात्र खरे आहे. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीचा विधी तीन दिवसांचा असतो, आणि त्यासाठी गुजरातपासून कर्नाटकापर्यंतची कुटुंबे वृद्धांसह येऊन राहतात. त्यांना कुशावर्तापासून चालत जाता येईल अशी, पहाटे गरम पाणी देणारी, तळमजल्यावरची, स्वच्छ शौचालयाची आणि हजार-दीड हजारात परवडणारी खोली हवी असते, आणि तशी खोली शोधताना त्यांची फार दमछाक होते. पंचवटीतही जुन्या धर्मशाळांच्या इमारती मोक्याच्या जागी उभ्या आहेत, पण अनेकांची छपरे गळतात आणि न्हाणीघरे वापरण्याजोगी राहिलेली नाहीत. ज्याला आज खोल्यांत पैसा घालायचा आहे, त्याने महामार्गालगतचा प्लॉट पाहण्याआधी त्र्यंबकला एखाद्या साध्या आठवड्यात तीन रात्री राहून यावे, पहाटे दारोदार खोली विचारत फिरणारी कुटुंबे मोजावीत आणि एखाद्या धर्मशाळेच्या विश्वस्तांशी दुरुस्ती आणि दीर्घ भाडेकरार यांविषयी बोलून पाहावे.