आपल्या शकुंतलेचं काय?
न्यूझीलंडच्या ओटागोत 152 किलोमीटरची जुनी रेल्वे लाईन सायकलसाठी मोकळी केली हे लेखात वाचलं अन् आपली शकुंतला रेल्वेच आठवली ना भाऊ. मूर्तिजापूर-यवतमाळ 113 किलोमीटर, अडीच फुटी नॅरोगेज, गाडी बंद होऊन वर्षं झाली. रेल्वे लाईनले चढ एकदम हलका असते, म्हणून कॅरिअरवर तंबू-डबा बांधला तरी माणूस दमत नाही, हे त्या लेखात यायला पायजे होतं. मी कारंज्याहून दारव्ह्याला डांबरी रोडनं जातो तं ट्रकवाले अंगावरच येतेत, बाजूची तूर-कपाशी पाहाची सोय नाही. ब्रॉडगेज झाली तं मलेबी आनंदच हाय, पण बाजूनं सायकलसाठी मुरमाची एक पट्टी सोडा ना राजेहो. अन् जाचं ते हिवाळ्यातच, मे मधलं ऊन सोसत नाही. बाभळीच्या काट्यापायी दोन ट्यूब जास्तीच्या ठेवा.