टॉर्नेडोमागे जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्यावरचे आक्षेप

एप्रिल-मेमध्ये अमेरिकेतील टॉर्नेडोच्या, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोचणाऱ्या वेगवान चक्राकार वाऱ्याच्या स्तंभाच्या, चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरू लागल्या की त्यांच्यासोबत एक दावाही फिरतो. हवामानशास्त्राचे विद्यार्थी संशोधनाच्या नावाखाली वादळांमागे गाड्या पळवतात, त्यात जीव गमावतात, पन्नास वर्षांच्या या खटाटोपातून टॉर्नेडोचे भाकीत काही साधलेले नाही आणि भारताला तर या विषयाचा उपयोगच नाही, असे त्याचे स्वरूप असते.

पहिला मुद्दा गाड्या पळवण्याचा. या अभ्यासाचे मोठे केंद्र असलेल्या ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन येथे पदवीचे निवडक विद्यार्थी उन्हाळ्यात सुमारे दहा आठवडे संशोधन करतात. त्यांचा बहुतेक वेळ जुन्या रडार नोंदी तपासण्यात आणि संगणकीय प्रारूपे चालवण्यात जातो. हे काम कोणी चित्रित करत नाही एवढेच. प्रत्यक्ष वादळाजवळ जाण्यालाही ठोस कारण आहे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे आणि किरणाच्या तिरकेपणामुळे स्थिर रडारचा सर्वांत खालचा किरण शंभर किलोमीटर अंतरावर जमिनीपासून जवळपास दीड किलोमीटर उंचीवरून जातो, आणि त्या रडारला आकाशाची एक संपूर्ण फेरी पुरी करायला काही मिनिटे लागतात. टॉर्नेडो मात्र जमिनीलगत, अनेकदा मिनिटभरात आकार घेतो. म्हणून रडार ट्रकवर बसवून तिथे न्यावे लागते.

या धडपडीतून निघालेली एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. 24 मे 1973 रोजी ओक्लाहोमातील युनियन सिटी येथील टॉर्नेडोचे जन्मापासून अंतापर्यंत चित्रण पाठलाग पथकाने केले आणि त्याच वेळी नॉर्मनच्या डॉप्लर रडारने (वाऱ्याचा वेगही टिपणाऱ्या रडारने) त्याची नोंद घेतली. दोन्ही जुळवल्यावर टॉर्नेडोची खूण रडारवर आधी उंचावर दिसून नंतर खाली उतरल्याचे आढळले. त्यावरून टॉर्नेडो वरून खाली येतो, ही समजूत बराच काळ टिकली. पुढे ओक्लाहोमा विद्यापीठाचे हवामानशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्लूस्टीन यांच्या चमूने सेकंदाला 180 अंश फिरणारे, ट्रकवर बसवलेले रडार वापरले; त्याच विद्यापीठात पीएचडी केलेल्या जेना हाउझर यांनी अशा जलद नोंदींवर काम करून 2018 साली मांडले की तपासलेल्या चार टॉर्नेडोंपैकी एकही त्या जुन्या पद्धतीने वरून खाली आलेला नव्हता. इशारा देणारा माणूस ज्या उंचीकडे डोळे लावून बसतो, तिथे पुरेसा आधी पुरावा मिळेलच असे नाही, हा याचा अर्थ. माझ्या मते संपूर्ण आक्षेपाला उत्तर म्हणून हे एकच उदाहरण पुरेसे आहे.

जिवाच्या धोक्याचा मुद्दा खोटा नाही. 31 मे 2013 रोजी ओक्लाहोमातीलच एल रेनो येथे 4.2 किलोमीटर रुंदीच्या टॉर्नेडोने टिम सॅमरास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचा बळी घेतला. हे तिघेही वादळांचे अनुभवी अभ्यासक होते, विद्यार्थी नव्हते. विद्यार्थ्यांच्या बाबतीत खरा धोका रस्त्याचा आहे. एप्रिल 2022 मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचे तीन विद्यार्थी वादळ पाहून परतताना ओल्या महामार्गावर गाडी घसरून अपघातात गेले. तेव्हा टीका करायचीच असेल तर हौसेखातर होणाऱ्या पाठलागावर आणि रस्त्यावरील गर्दीवर करावी. ती योग्यच आहे. नियोजित मोहिमांना त्यात गुंडाळणे योग्य नाही.

भाकिताबाबत आकडे दोन्ही बाजूंनी बोलतात. 1980 च्या दशकाच्या मध्यास टॉर्नेडोचा इशारा सरासरी पाच मिनिटेही आधी मिळत नसे. डॉप्लर रडारांचे जाळे उभे राहिल्यावर तो अवधी तेरा मिनिटांच्या आसपास गेला. 2012 नंतर तो आठ-नऊ मिनिटांवर घसरला, हे दावा करणाऱ्यांना ठाऊक असते तर त्यांनी नक्की सांगितले असते. या घसरणीचे एक कारण असे की खोटे इशारे कमी करण्याकडे कल वाढला. आजही दहापैकी सुमारे सात इशाऱ्यांनंतर टॉर्नेडो येत नाही, कारण रडारवर फिरताना दिसणाऱ्या वादळांपैकी साधारण एक चतुर्थांशच टॉर्नेडो निर्माण करतात. उरलेली का करत नाहीत, हाच तर अनेक प्रबंधांचा विषय आहे.

भारताच्या मुद्द्यावर फार बोलायला नको. 26 एप्रिल 1989 रोजी शेजारच्या बांगलादेशातील माणिकगंज भागात टॉर्नेडोने सुमारे 1300 माणसे मारली आणि 24 मार्च 1998 रोजी पश्चिम बंगाल-ओडिशा सीमेवर अशाच संकटात शंभरांहून अधिक लोक गेले. शिवाय टॉर्नेडो सोडला तरी तीव्र मेघगर्जनेची वादळे उरतातच. वीज पडून देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक मृत्यू होतात. पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था विजांची नोंद घेणाऱ्या उपकरणांचे जाळे आणि विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ हे अ‍ॅप चालवते. ढग इतका कधी आणि का चवताळतो, हा या कामाच्या मुळाशी असलेला प्रश्न नॉर्मनच्या विद्यार्थ्यांसमोरच्या प्रश्नापासून फार दूरचा नाही.